खोली चारचा निकाल

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

नवी वही, नवा वॉर्ड. खुब्याचं हाड बसवून आज अकरा दिवस झाले. मला मोठ्या हॉस्पिटलातून इथे, पुनर्वसन केंद्रात, हलवलं आहे. हा शब्द मला मंजूर नाही. पुनर्वसन पूरग्रस्तांचं करतात. मी बाथरूममध्ये घसरले आहे.

संकल्प:
एक. पंधरा दिवसांत घरी. माझ्या घरी.
दोन. वॉकर पाच दिवसांत सोडणे.
तीन. रोज लिहिणे आणि खरं तेच लिहिणे.
चार. कुणालाही टोचून न बोलणे. (सूनबाई अपवाद.)

माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. चौतीस पायऱ्या, लिफ्ट नाही. घरात मी सोडून कुणी नाही, हेच त्या घराचं सौंदर्य. मुलगा काल म्हणाला, आई, तू एकटीने राहायचं की नाही हे इथली टीम ठरवेल, वीस तारखेला त्यांची मीटिंग आहे, ते हो म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. आणि नाही म्हणाले तर? तर तू आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे तळमजला, मागची खोली आणि सूनबाई. सूनबाई वाईट नाही. पण माझ्याशी बोलताना ती शेवटचा शब्द ताणते. आई, जेवलात काऽऽऽ. एकतीस वर्षं मी बोर्डाचे इंग्रजीचे पेपर तपासले, त्यातली नऊ चीफ मॉडरेटर म्हणून. माझ्याशी कुणी शब्द ताणलेला नाही.

टीमला काय ठरवायचंय ते ठरवू दे. मी तयार आहे.

५ फेब्रुवारी. दुपार.

खोली क्रमांक चार. चार खाटा. दाराजवळ मी. समोर एक निवृत्त बस कंडक्टर, गुडघा बदललेली, आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. ती मला आल्या आल्या म्हणाली, सरका पुढे, पुढे जागा आहे. मी वॉकर घेऊन दारात उभी होते. तिच्या पलीकडे टेलरमावशी, मनगट आणि मांडी दोन्ही मोडलेली, सगळ्यांकडे माप घेतल्यासारखी बघते. खिडकीजवळ शहाऐंशीच्या आजीबाई. बोलत नाहीत. हसतात. अशा माणसांपासून मी सावध असते.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

व्यायाम शिकवणारा येऊन गेला. मान दिसत नाही, खांदे थेट कानापासून सुरू होतात. मी त्याचं नाव पहिलवान ठेवलं आहे. सकाळची बॅच की चारची, असं विचारत होता. बाकीच्या तिघींनी सकाळची घेतली. मी चारची घेतली. सकाळी माझं डोकं उत्तम चालतं, ते पायांवर कशाला खर्च करायचं?

कॉरिडॉरच्या टोकाला त्याने एक लाकडी जिना दाखवला. एका बाजूने सहा पायऱ्या वर, दुसऱ्या बाजूने सहा खाली. वर काहीही नाही. मी म्हटलं, हा जिना जातो कुठे? तो म्हणाला, कुठेच नाही जात, बाई, प्रॅक्टिसचा आहे. उद्देशाशिवाय मी आयुष्यात काही चढलेले नाही, हे मी त्याला सांगितलं.

त्यानंतर एक तरुण मुलगी आली, छातीशी क्लिपबोर्ड धरून. मानसशास्त्रज्ञ आहे म्हणे. दिसते बारावीची. तिचं नाव क्लिपबोर्ड. तिने फार नम्रपणे सांगितलं की इथे दोन चाचण्यांची तुलना चालू आहे. एक छोटी, दहा मिनिटांची. एक लांब, पाऊण तासाची. म्हाताऱ्या पेशंटची स्मरणशक्ती, लक्ष, विचार करणं वगैरे पारखायला दोन्हींतली कुठली बरी, ते त्यांना शोधायचं आहे. तुम्ही मदत कराल का?

करेन का! मी कोण होते हे हिला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. दोन प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून कुठली बरी ते सांगणं हेच तर मी जन्मभर केलं. फॉर्मवर सही करताना खाली ‘सहभागी’ छापलं होतं, ते खोडून मी ‘परीक्षक’ लिहिलं. ती काही बोलली नाही. समज चांगली आहे.

बाकीच्या तिघींनाही घेतलं आहे. नमुना म्हणून कुणीतरी लागतंच.

संकल्प: दोन्ही चाचण्यांवर बारा पानी अहवाल. वीस तारखेच्या मीटिंगमध्ये तो मोठ्या डॉक्टरांच्या हातात.

७ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.

छोटी चाचणी झाली. म्हणजे मी तिची तपासणी केली. टिपणं लिहून ठेवते.

तारीख विचारली. मी सांगितली, सात. क्लिपबोर्डने काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, काय लिहिलंस? ती म्हणाली, आज आठ आहे, मॅडम. मी तिला ही वही दाखवली. लिखित पुरावा. तिने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. सरकारी कॅलेंडर कधी बरोबर असतं का? ते कुठल्या तरी औषध कंपनीचं निघालं, म्हणजे त्याहून वाईट.

घड्याळ काढायला सांगितलं, पावणेपाचचं. आकडे रोमन काढले, कारण कॉन्व्हेंटमध्ये आमच्या वर्गातल्या घड्याळावर रोमन होते. आठपर्यंत आल्यावर जागा संपली. वर्तुळ लहान होतं. अहवालात नोंद: वर्तुळ मोठं हवं. उरलेले चार मी वर्तुळाबाहेर, समासात, नीट लिहिले. काटे काढायचे राहिले, पण पावणेपाच कुठे वाजतात हे कुणाला माहीत नसतं?

एका मिनिटात ‘म’पासून सुरू होणारे शब्द. मी म्हटलं: मीमांसा, मर्मभेद, मतैक्य, माधुकरी. प्रत्येकाचा अर्थ सांगितला. वेळ संपली. पडद्यापलीकडे कंडक्टरबाईंचं ऐकू येत होतं: मीठ, मिरची, मान, मांडी, मावशी, मांजर, मुतखडा. एकवीस झाले म्हणे. याला शब्दसंग्रह म्हणत नाहीत, ही घरातली अडगळ झाली.

शेवटी पाच शब्द, जे सुरुवातीला सांगितले होते, ते परत सांगायचे. मी तीन सांगितले: कात्री, पूल, शाळा. उरलेले दोन मुद्दाम सोडले. परीक्षक गप्प बसला की परीक्षा घेणारा काय करतो, ते मला पाहायचं होतं. ती म्हणाली, वेळ घ्या. मी घेतला. पुष्कळ घेतला.

मार्क ती सांगत नव्हती. पण समोरच्याच्या हातातली गुणपत्रिका उलटी वाचता येणं हे माझं जुनं कसब आहे. एकोणीस! वीसपैकी एकोणीस. एक मार्क रोमन आकड्यांचा गेला असणार. चला, मोठं मन करू.

७ फेब्रुवारी. जेवणानंतर.

कंडक्टरबाईंना सहज सांगितलं, मला एकोणीस मिळाले. त्या म्हणाल्या, अरेरे. मग म्हणाल्या, बाई, ती तीसपैकी असते. मला सव्वीस. या टेलरमावशीला तेवीस. आजीबाईंना सत्तावीस.

आजीबाई खिडकीजवळून हसल्या.

९ फेब्रुवारी, गुरुवार.

आठ तारीख या वहीत नाही. ऑपरेशनच्या धांदलीत एक दिवस मला न विचारता निघून गेला होता, तो हिशोबात धरून पुढे जात आहे. यात चूक माझी नसून भूल देणाऱ्याची आहे.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज दिला. नमुना मलाच तोंडपाठ होता. कारणे: वर्तुळाचा आकार, कॅलेंडरची विश्वासार्हता, उत्तरपत्रिकेत अर्थ स्पष्ट केल्याबद्दल शून्य गुण. क्लिपबोर्ड म्हणाली, मॅडम, यात पास-नापास नसतं, ही नुसती प्राथमिक पाहणी आहे. मी म्हटलं, बाळ, जिथे मार्क आहेत तिथे पास-नापास आहे. मग तिला सरळच विचारलं, हे मार्क वीस तारखेच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार का? ती म्हणाली, हो, पण बाकीही बरंच काही बघतात. एवढं बोलून तिने नजर माझ्या पायांकडे नेली. लाजाळू आहे. डोळ्याला डोळा भिडवून वाईट बातमी सांगणं जमत नाही तिला.

म्हणजे प्रकरण गंभीर आहे. एकोणीसच्या जोरावर मला मागच्या खोलीत टाकतील. सकाळी सूनबाई येऊन विचारेल, आई, आज वार कोणताऽऽऽ.

लांब चाचणी सोळा तारखेला. सात दिवस आहेत. मी मुलांना तीन दिवसांत पास केलेलं आहे.

११ फेब्रुवारी, शनिवार.

मार्गदर्शन वर्ग सुरू केला. एकटीनेच अभ्यास करणार होते, पण शिकवल्याशिवाय मला अभ्यास होत नाही. शिवाय एका खोलीत एकीला एकोणीस आणि तिघींना तिच्यापेक्षा जास्त, हे खोलीला शोभत नाही. सगळ्यांनाच तीस मिळाले की कुणी बोट दाखवणार नाही.

टेलरमावशींनी शंका काढली, बाई, हे पेपर फोडणं नाही का? मी तिला समजावलं. पेपर फोडणारे मी स्वतः पकडलेले आहेत, एकाला तर पायमोज्यात. हे ते नव्हे. झालेल्या परीक्षेची उजळणी म्हणजे पुनरावलोकन.

पाच शब्द परत गोळा केले. तीन माझे. चौथा कंडक्टरबाईंनी दिला: बादली. पाचव्यावर अर्धा तास वाद झाला. टेलरमावशी म्हणे काहीतरी रंग होता, कंडक्टरबाई म्हणे रंग वगैरे नव्हता, तुझ्या डोक्यात कापड आहे. शेवटी आजीबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाल्या, पिवळा. आणि परत हसल्या. त्या बोलतात!

कात्री, पूल, पिवळा, शाळा, बादली. टाळीवर बसवलं. दोन टाळ्या, एक शब्द. सुरुवातीला कंडक्टरबाई प्रत्येक शब्दानंतर चला चला म्हणत होत्या, ती सवय मोडली.

वर्गाची वेळ दुपारी चार. पहिलवान व्हीलचेअर घेऊन दारात उभा होता. मी सांगितलं, तास चालू आहे. तो म्हणाला, बाई, कालही आला नाहीत. मी म्हटलं, बाहेर उभा राहा किंवा आत येऊन बस. तो आत येऊन बसला. त्याला पाचही शब्द दुसऱ्या फेरीत आले. वाटतो तसा नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार.

मुलगा आणि सूनबाई आले. मुलाने विचारलं, बरी आहेस? मी म्हटलं, बादली. उजळणी चालू होती. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला दिसलं.

सूनबाई म्हणाली, आई, किती पायऱ्या झाल्या? हिला जिन्यातच रस. मागच्या आठवड्यात फोनवरही तेच. माणसाच्या आत काहीतरी उंच असतं याची कल्पना नाही. मी म्हटलं, मी शंभरातून सात-सात वजा करत दोनपर्यंत जाते, तू ब्याण्णवच्या पुढे जाऊन दाखव. ती म्हणाली, त्र्याण्णव, आई. मी तिची परीक्षा पाहत होते.

वॉकर पाच दिवसांत सोडायचा होता. तो संकल्प रद्द केलेला नाही, पुढे ढकलला आहे.

१३ फेब्रुवारी, सोमवार.

वर्गाचा वेळापत्रक-तक्ता भिंतीवर लावला. चार ते सव्वाचार शब्द. सव्वाचार ते साडेचार वजाबाकी. पुढे घड्याळ. पावणेपाच, फक्त पावणेपाच. बाकीच्या वेळा आपल्याला विचारणार नाहीत. अरबी आकडे वापरायचं मी मान्य केलं. तत्त्वाला मुरड घातली, पण तीस मार्कांसाठी.

टेलरमावशी डाव्या हाताने असं गोल वर्तुळ काढते की परकार लाजेल. बाहीचा गोल कापल्यासारखं एका दमात. तिला दहापैकी दहा. कंडक्टरबाईंची वजाबाकी माझ्याआधी संपते. मी तिला म्हटलं, पायऱ्या दाखवत जा. ती म्हणाली, बाई, गाडीत पायऱ्या दाखवत बसले असते तर लोक उतरून गेले असते.

खरं सांगायचं तर फार मजा येते आहे. निवृत्तीनंतर कुणी माझ्यासमोर असं गप्प बसलेलं नव्हतं.

पहिलवान चारला आला. आता विचारत नाही, दाराला टेकून टाळ्या धरतो. जाताना म्हणाला, बाई, उद्या नक्की हं, वीसला मलाही बोलायला सांगणार आहेत. म्हटलं, बोल की, धीट हो.

१५ फेब्रुवारी, बुधवार.

सराव परीक्षा. चौघींना पैकीच्या पैकी. परीक्षक मी. शेजारच्या खोली पाचमधून एक बाई प्रवेश मिळेल का विचारायला आली होती. जागा नाही सांगितलं. मागणी वाढल्याशिवाय दर्जा टिकत नाही.

सूनबाईंचा फोन. पायऱ्या. मी म्हटलं, अभ्यास चालू आहे, आणि ठेवला.

अहवालाचं अर्धं पान झालं आहे. शीर्षक आणि प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद. उरलेली साडेअकरा पानं डोक्यात तयार आहेत.

१६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ.

लांब चाचणी झाली. सविस्तर लिहिते, कारण पुढे यावरून वाद होणार.

सुरुवातीलाच क्लिपबोर्डने पाच शब्द वाचले: चावी, ढग, घोडा, निळा, बाजार. मला गंमत वाटली. गोंधळवण्यासाठी चुकीचे पर्याय पेरायची युक्ती मी स्वतः पेपर काढताना वापरलेली आहे. मी त्यांच्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही. पुढचा अर्धा तास चित्रं, आकडे, गोष्ट वगैरे चाललं. घड्याळ आलं. तिने दहा वाजून वीस मिनिटं सांगितलं, मी पावणेपाच काढलं. सुंदर आलं.

मग ती म्हणाली, आता ते पाच शब्द. मी दोन टाळ्या वाजवल्या आणि सुरू झाले. कात्री, पूल, पिवळा, शाळा, बादली. सात सेकंद. या वॉर्डातला उच्चांक असेल.

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, मॅडम, हे मागच्या आठवड्यातले आहेत. ही चाचणी वेगळी आहे, तिचे शब्द वेगळे आहेत.

वेगळे? दोन चाचण्या एकाच गोष्टीसाठी, एकाच वॉर्डात, एकाच आठवड्याच्या अंतराने, आणि अभ्यासक्रम वेगळा? मग तुलना कशाची करणार, कपाळाची? मी तिला हे शांतपणे ऐकवलं. खोली पाचमध्ये ऐकू गेलं म्हणतात. आणि हेही विचारलं की, आठ दिवसांपूर्वीचे शब्द जी बाई आज सात सेकंदांत सांगते तिला स्मरणशक्ती नाही असं तुला म्हणायचंय का? मग शेऱ्याच्या रकान्यात तिने बरंच काही लिहिलं. या वेळी उलटं वाचता आलं नाही, तिने हात आडवा ठेवला होता. शिकते आहे.

त्यानंतर कंडक्टरबाई. पडद्यामागून दोन टाळ्या. कात्री, पूल, पिवळा, शाळा, बादली, चला चला. मग टेलरमावशी. ती भोळी, तिने चावी, ढग, घोडा असं सुरू केलं. मी खोकले. ती थांबली आणि म्हणाली, नाही नाही, कात्री. शिस्तीचा परिणाम असतो. आजीबाईंनी टाळ्या न वाजवता पाचही जुने सांगितले आणि मग, तुला हे पण हवे असतील ना गं पोरी, असं म्हणून पाचही नवे सांगितले.

क्लिपबोर्ड आजीबाईंच्या खाटेवर बसली. पडद्यावर तिची सावली दिसत होती. खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, पडद्यामुळे कळलं नाही. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार.

क्लिपबोर्ड सांगायला आली. खोली चारचे चारही निकाल तुलनेतून वगळले. सगळ्या केंद्रातून पंचेचाळीस पेशंट होते, आता एक्केचाळीस. आमच्यामुळे सरासरी बिघडली असती म्हणाली.

साहजिकच. अपवादात्मक विद्यार्थी आले की सरासरी बिघडतेच.

कंडक्टरबाई म्हणाल्या, बाई, आपल्याला गाडीतून खाली उतरवलं हो. मी दुर्लक्ष केलं.

पण मनात एक खुपतं आहे. वगळलं म्हणजे माझे सुधारित मार्क कागदावर नाहीत. कागदावर एकोणीसच. सोमवारी मुलगा येणार, मोठे डॉक्टर एकोणीस म्हणणार, मुलगा मान खाली घालून म्हणणार, चल, आई. स्वयंपाकघरातला माझा स्टूल, तिथून दिसणारी समोरची गच्ची, सकाळी कुणाशी न बोलता पिता येणारा चहा, हे सगळं एका आकड्यावर जाणार. झोप लागत नाही, हे कुणालाही सांगणार नाही.

अहवाल दीड पान झाला. तेवढाच पुरे. चांगलं लिखाण आटोपशीर असतं.

संकल्प: मीटिंगमध्ये भाषण. मुद्दे पाठ.

२० फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

मीटिंग झाली. खोलीत मोठे डॉक्टर, वॉर्डच्या सिस्टर, क्लिपबोर्ड, पहिलवान, मुलगा, सूनबाई आणि मी. सूनबाईला कुणी बोलावलं होतं माहीत नाही.

मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात मोठे डॉक्टर म्हणाले, डोक्यापासून सुरू करू. एकोणीस त्यांनी सांगितलेच. पण मग त्यांनी क्लिपबोर्डचा शेरा वाचून दाखवला. तो मी लक्षपूर्वक ऐकला, शब्दन् शब्द: पेशंटने चौघींच्या आठवणीतून चाचणी परत जुळवली, वेळापत्रक आखलं, तिघींना शिकवलं, आठवडाभर वर्ग चालवला, दुसऱ्या चाचणीचे मार्क ग्राह्य नाहीत, पण नियोजनाबद्दल काळजीचं कारण दिसत नाही, सूचना ऐकून घेण्याबद्दल दिसतं. सिस्टर म्हणाल्या, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेतात, वेळेवर घेतात, आणि आमच्या चुका पकडतात. मोठे डॉक्टर हसले. म्हणाले, डोक्याची चिंता नाही. जिभेची तर नाहीच. या बाबतीत एकटीने राहायला माझी हरकत नाही.

जिंकले! मी मुलाकडे पाहिलं. तो खरंच एक शब्द बोलला नाही. उलट हसला, आणि त्याचे डोळे भरले होते. मी हरावं अशीच त्याची इच्छा आहे, असं मी इतके दिवस धरून चालले होते. सूनबाईने माझा हात दाबला. मीही दाबू दिला. आता हिच्याशी मोठेपणाने वागायला हरकत नाही, असं ठरवून मी निघण्यासाठी वॉकर ओढला.

मोठे डॉक्टर म्हणाले, थांबा, आता पाय.

पहिलवानाने कागद काढला. फार वाईट वाटत होतं त्याला, कागद दोन्ही हातांनी धरला होता. म्हणाला, घरी चौतीस पायऱ्या आहेत. व्यायामाचे तास ठरले होते बारा. आल्या तीनला. जिना, एकदाही नाही. मग, का कोण जाणे, माझी बाजू घ्यावी म्हणून असेल, घाईघाईने पुढे म्हणाला, पण मला पाच शब्द पाठ झाले.

मी भाषणाचे मुद्दे चाचपले. त्यात पायांवर एकही नव्हता.

सूनबाई हळूच म्हणाली, आई, म्हणून मी विचारत होते. या वेळी तिने कुठलाही शब्द ताणला नाही. ताणला असता तर बरं झालं असतं.

निर्णय: चौतीस पायऱ्या चढून-उतरून दाखवेपर्यंत घरी नाही. तोवर मुलाकडे तळमजल्यावर, किंवा इथे आणखी तीन आठवडे. मुलगा म्हणाला, आई, तू सांग. मी म्हटलं, इथे.

२० फेब्रुवारी. संध्याकाळ.

बाकीच्यांचे निकाल कळले. कंडक्टरबाई उद्या घरी. टेलरमावशी परवा, पुतणीकडे. आजीबाई उद्या घरी, एकट्या, तिसऱ्या मजल्यावर. शहाऐंशी! रोज सकाळी, मी प्रस्तावनेचं पहिलं वाक्य सुधारत असताना, त्या तो कुठेही न जाणारा जिना बारा-बारा वेळा चढत होत्या. मी त्यांना विचारलं, मग माझ्या वर्गाला का बसत होतात? त्या म्हणाल्या, करमत होतं. तुम्ही ओरडता छान.

खोली चारमधून नापास झालेली एकच, मार्गदर्शक.

२१ फेब्रुवारी, मंगळवार.

कंडक्टरबाई गेल्या. दारातून ओरडल्या, बाई, उतरणारे आधी! टेलरमावशींनी माझ्या गाऊनची बाही जाता जाता नीट केली, न विचारता. आजीबाईंनी नुसता हात हलवला.

अहवाल क्लिपबोर्डला देऊन टाकला. दीड पान तिने उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाली, वर्तुळ खरंच लहान आहे, आम्हीही तेच म्हणत होतो. तेवढं ठीक.

पहिलवानाला निरोप पाठवला: सकाळची बॅच. आणि चारचीही.

२२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी आठ.

चार पायऱ्या चढले. पाचवीवर बसले. मग ना वर जाता येईना ना खाली. वीस मिनिटं तिथेच होते. खाली उतरवायला पहिलवान, सिस्टर आणि खोली पाचमधली ती बाई, तिघं लागले. तिला मी प्रवेश नाकारला होता. खाली आल्यावर तिने विचारलं, बाई, जिन्याचा वर्ग कधी सुरू करताय?